व्याजदर न ठरवणारी बँक: छोट्या देशाने कोणता नियम निवडायचा?

(या भागाचं शब्दांकन, ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ थोडे कमी केलेत. बाकी जसं बोललो तसंच.)



आपल्याकडे साधारण दर दोन महिन्यांनी एक बातमी येते. रिझर्व्ह बँकेने रेपो रेट वाढवला, कमी केला किंवा जैसे थे ठेवला. लगेच ऑफिसच्या ग्रुपवर ‘माझा ईएमआय किती होणार?’ सुरू होतं. त्यामुळे सेंट्रल बँक म्हटलं की आपल्या डोक्यात एकच चित्र असतं: काही लोक बसतात, चर्चा करतात आणि व्याजदर जाहीर करतात.

आता मी सांगितलं की एक श्रीमंत, शिस्तीचा देश आहे आणि तिथली सेंट्रल बँक व्याजदर ठरवतच नाही, तर? हा देश म्हणजे सिंगापूर. १९८१ पासून तिथली मॉनेटरी अथॉरिटी, म्हणजे मास, व्याजदराऐवजी आपल्या चलनाचा भाव सांभाळते. तिच्या पतधोरणाच्या निवेदनात रेपो रेटसारखा आकडाच नसतो.

आजचा प्रश्न हाच आहे. छोटा देश आहे, जगाशी भरपूर व्यापार आहे, पैसा आत-बाहेर मोकळा फिरतो. अशा देशाने आपलं चलन कोणत्या नियमाने चालवायचं? हा प्रश्न फक्त प्राध्यापकांचा आहे असं वाटत असेल तर शेवटी श्रीलंकेकडे येऊ, तोपर्यंत थांबा.

आधी ‘नियम’ म्हणजे काय

आपण कोड लिहिणारी माणसं, त्यामुळे हे सोपं जाईल. नियम म्हणजे फंक्शन. इनपुट काय, आउटपुट काय आणि मध्ये किती जोरात रिअ‍ॅक्ट करायचं.

सगळ्यात प्रसिद्ध नियम आहे टेलर रूल. स्टॅनफर्डच्या जॉन टेलर यांनी १९९३ मध्ये मांडला. व्याजदर बरोबर महागाई, अधिक २, अधिक लक्ष्यापेक्षा महागाई जितकी जास्त त्याच्या निम्मे, अधिक अर्थव्यवस्था आपल्या कुवतीपेक्षा जितकी जास्त पळतेय त्याच्या निम्मे. लक्ष्य २ टक्के धरलेलं. बस, एका ओळीचं फंक्शन.

यातली गंमत बघा. महागाई १ टक्क्याने वाढली तर व्याजदर दीड टक्क्याने वाढतो. एकापेक्षा जास्त. का? समजा महागाई १ टक्क्याने वाढली आणि तुम्ही व्याज अर्धाच टक्का वाढवलं. मग महागाई वजा केल्यावर कर्ज उलट स्वस्तच झालं. लोक आणखी कर्ज काढणार, आणखी खर्च करणार, महागाई आणखी वाढणार. आग विझवायला गेलात आणि तेल ओतून आलात.

हा नियम अमेरिकेकडे बघून लिहिलेला आहे. अमेरिका मोठी आहे. तिथे बहुतेक वस्तूंचे भाव देशातल्याच मागणीवर हलतात. व्याज वाढवलं, मागणी थंडावली, भाव थंडावले.

छोट्या देशाचं दुखणं

आता सिंगापूर घ्या. खाण्याचे ९० टक्क्यांहून जास्त पदार्थ बाहेरून येतात. तेल बाहेरून, गॅस बाहेरून. आयात-निर्यात मिळून होणारा व्यापार देशाच्या जीडीपीच्या तिप्पट. अशा ठिकाणी व्याज वाढवून तांदळाचा भाव कसा उतरवणार? तांदळाचा भाव ठरतो थायलंडमध्ये, व्हिएतनाममध्ये, भारतात. सिंगापूरकर एक वेळ उपाशी राहिले तरी जागतिक बाजाराला पत्ता लागणार नाही.

अर्थशास्त्रात ‘स्मॉल ओपन इकॉनॉमी’ म्हणतात ती हीच. ‘स्मॉल’ म्हणजे नकाशावर छोटा असं नाही. जगाचे भाव आणि जगाचे व्याजदर तुम्हाला हलवतात, तुम्ही त्यांना हलवू शकत नाही, हा त्याचा अर्थ.

आणि अशा देशाच्या वाट्याला एक कुप्रसिद्ध त्रांगडं येतं. रॉबर्ट मंडेल आणि मार्कस फ्लेमिंग यांच्या १९६० च्या दशकातल्या कामातून ते पुढे आलं. तीन गोष्टी हव्याहव्याशा वाटतात: स्थिर विनिमय दर, पैशाची मोकळी ये-जा आणि आपल्या मर्जीचा व्याजदर. तीनपैकी दोनच मिळतात. कारण साधं आहे. डॉलरशी भाव पक्का बांधलाय आणि पैसा मोकळा फिरतोय, अशा वेळी तुम्ही व्याज अमेरिकेपेक्षा कमी केलं तर सगळे पैसे उचलून अमेरिकेत नेतील. भाव टिकवायला तुम्हाला व्याज परत वर न्यावंच लागेल.

म्हणजे नियम निवडणं म्हणजे तीनपैकी काय सोडायचं ते ठरवणं. आता तीन देशांनी काय सोडलं ते बघू.

नियम १: भाव बांधून टाका (हाँगकाँग)

१९८३ च्या सप्टेंबरमध्ये हाँगकाँगच्या भविष्यावर ब्रिटन-चीनची बोलणी अडकली आणि हाँगकाँग डॉलर कोसळून अमेरिकन डॉलरला ९.६० पर्यंत गेला. १७ ऑक्टोबर १९८३ ला त्यांनी भाव ७.८० ला बांधला. आज चार दशकं उलटली तरी तो ७.७५ ते ७.८५ च्या पट्ट्यात आहे.

फायदा उघड आहे. व्यापाऱ्याला उद्याचा भाव माहीत असतो. राजकारणी नोटा छापू शकत नाहीत, कारण प्रत्येक नोटेमागे डॉलर ठेवावा लागतो.

किंमत मात्र ऐका. २३ ऑक्टोबर १९९७, आशियाई संकटाचा काळ. हाँगकाँग डॉलरवर हल्ला झाला आणि बँकांमधला एका रात्रीचा व्याजदर २८० टक्क्यांच्या आसपास गेला. हो, दोनशे ऐंशी. चलनाचा भाव हलला नाही, म्हणून बाकी सगळं हललं. शेजारच्या देशांची चलनं पडल्यामुळे ते स्वस्त झाले. हाँगकाँगला स्वस्त व्हायचं तर एकच रस्ता होता: पगार, भाडी आणि घरांच्या किमती खाली आणणं. १९९८ ते २००४ भाव घसरत राहिले. घरांच्या किमती १९९७ च्या शिखरापासून २००३ पर्यंत ६० टक्क्यांहून जास्त पडल्या. ज्याने कर्ज काढून घर घेतलं होतं, त्याचं कर्ज तेवढंच राहिलं आणि घर निम्म्याहूनही कमी किमतीचं झालं.

म्हणून ‘फिक्स्ड रेट म्हणजे स्थिरता’ हे वाक्य अर्धवट आहे. धक्का यायचा तो येतोच. भावाने तो झेलला नाही तर पगाराने झेलावा लागतो.

नियम २: महागाईवर नेम (न्यूझीलंड)

दुसरा रस्ता: चलन मोकळं सोडा, महागाईचं लक्ष्य कायद्याने बांधा आणि व्याजदर हे हत्यार ठेवा. जगात हे पहिल्यांदा केलं न्यूझीलंडने. १९८९ चा कायदा आणि १९९० मध्ये पहिलं लक्ष्य: ० ते २ टक्के. आज ते १ ते ३ आहे. भारताने हेच २०१६ मध्ये स्वीकारलं, ४ टक्के, वर-खाली २.

पण न्यूझीलंडच्या इतिहासात एक प्रकरण आहे, जे प्रत्येक इंजिनिअरने ऐकायला हवं.

१९९७ च्या मध्यात त्यांच्या रिझर्व्ह बँकेने विचार केला की आपण छोटे आणि खुले आहोत, त्यामुळे फक्त व्याजदर बघून चालणार नाही, विनिमय दरही बघू. दोन्ही मिळून एक आकडा तयार केला, मॉनेटरी कंडिशन्स इंडेक्स. हिशोब असा: चलन २ टक्के पडणं म्हणजे व्याज १ टक्क्याने उतरल्यासारखं. दोन्हींमुळे अर्थव्यवस्थेवरची पकड ढिली होते. कागदावर एकदम लॉजिकल.

आणि लगेच आशियाई संकट आलं. न्यूझीलंडचा माल घेणारे आशियाई ग्राहक बुडाले. वर दुष्काळ. साहजिकच न्यूझीलंड डॉलर पडू लागला. आता इंडेक्स काय म्हणाला? ‘चलन पडलंय, म्हणजे पकड ढिली झालीय, व्याज वर जायला हवं.’ १९९८ च्या मध्यापर्यंत तीन महिन्यांचे व्याजदर ९ टक्क्यांच्या वर गेले. ग्राहक पळालेत, शेतं करपलीत आणि कर्ज महाग होतंय. देश मंदीत गेला.

शेजारी ऑस्ट्रेलिया. तेच संकट, तेच ग्राहक. त्यांनी चलन पडू दिलं आणि व्याज ५ टक्क्यांवर शांत ठेवलं. चलन पडल्याने निर्यातदारांना आधार मिळाला आणि ऑस्ट्रेलियात मंदी आली नाही.

फरक कशात होता? इंडेक्सला चलन पडलेलं दिसत होतं, का पडलं ते दिसत नव्हतं. गुंतवणूकदारांनी उगाच घाबरून विकलं म्हणून चलन पडलं तर ती एक गोष्ट. तुमच्या मालाची मागणी आटली म्हणून पडलं तर ती दुसरी, तेव्हा पडलेलं चलन हेच औषध असतं. सिग्नल तोच, अर्थ उलटा. मार्च १९९९ मध्ये न्यूझीलंडने इंडेक्स बाजूला ठेवून साधा अधिकृत व्याजदर सुरू केला. २००१ मध्ये लार्स स्वेन्सन या स्वीडिश अर्थतज्ज्ञांनी सरकारसाठी स्वतंत्र आढावा घेतला, त्यातही या इंडेक्सवर टीका झाली.

नियम ३: भाव हेच हत्यार (सिंगापूर)

तिसरा रस्ता या दोघांच्या मधला वाटतो, पण त्याची रचना वेगळी आहे.

मास सिंगापूर डॉलरची तुलना एकट्या अमेरिकन डॉलरशी करत नाही. ज्यांच्याशी व्यापार होतो त्या देशांच्या चलनांची एक टोपली असते. त्या टोपलीच्या तुलनेत भाव एका पट्ट्यात ठेवतात आणि हा पट्टा हळूहळू वर किंवा खाली सरकतो. म्हणजे तीन सेटिंग्ज: पट्ट्याचा उतार, रुंदी आणि मध्य. कोणत्या चलनाला किती वजन आणि पट्टा नेमका किती रुंद, हे जाहीर करत नाहीत. सट्टेबाजांना पत्ता कशाला द्यायचा!

महागाई वाढतेय? उतार तीव्र करा. सिंगापूर डॉलर जरा जास्त वेगाने महाग होईल, आयात स्वस्त होईल. मंदी येतेय? उतार सपाट करा. मार्च २०२० मध्ये कोविड आला तेव्हा त्यांनी उतार शून्य केला आणि मध्यही खाली आणला. ऑक्टोबर २०२१ ते ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाई आली तेव्हा एका वर्षात पाच वेळा पकड घट्ट केली, त्यातल्या दोन तर ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर. तिथली कोअर महागाई २०२३ च्या सुरुवातीला ५.५ टक्क्यांवर जाऊन उतरली. अमेरिकेची महागाई जून २०२२ मध्ये ९.१ होती. दोन्ही मोजमापं एक नाहीत, त्यामुळे थेट शर्यत लावू नका, पण उंबरठ्यावर येणारी महागाई चलनाने अडवता येते एवढं दिसतं.

दीर्घकाळाचा परिणाम बघायचा असेल तर १९८१ मध्ये एका सिंगापूर डॉलरला साधारण ४ रुपये पडायचे. २०२४ मध्ये ६० च्या वर.

मग व्याजदराचं काय? तो बाजार ठरवतो. मोटामोटी गणित असं: अमेरिकेचा व्याजदर, वजा सिंगापूर डॉलर वर्षात जेवढा महाग होईल अशी अपेक्षा. चलन वधारूनच गुंतवणूकदाराला थोडा परतावा मिळतो, म्हणून व्याज कमी चालतं. पण याचा दुसरा अर्थ असा की त्रांगड्यातली स्वतःचा व्याजदर ही गोष्ट सिंगापूरने सोडून दिली. २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडने व्याज वाढवलं आणि सिंगापूरमधला गृहकर्जांचा आधारदर, सोरा, वर्षभरात अर्ध्या टक्क्याच्या आतून ३ टक्क्यांच्या आसपास गेला. सिंगापूरमध्ये नोकरी करणारे आपले बरेच मराठी लोक हा भाग ऐकतात. तुमचा तिथला ईएमआय वाढला तो वॉशिंग्टनमुळे, मासच्या कुठल्या मतदानामुळे नाही.

पुस्तक काय म्हणतं

या विषयावर एक पेपर फार वाचला जातो. जॉर्डी गाली आणि तोमासो मोनाचेल्ली, २००५. त्यांनी एका छोट्या खुल्या देशाचं मॉडेल बनवलं आणि त्यावर तीन नियम चालवून पाहिले. पहिला, देशात बनणाऱ्या वस्तूंच्या महागाईवर व्याज ठरवणारा. दुसरा, आयात धरून एकूण ग्राहक महागाईवर ठरवणारा. तिसरा, भाव बांधून टाकणारा.

निकाल? पहिला सगळ्यात चांगला, दुसरा मध्ये, बांधलेला भाव सगळ्यात वाईट. कारण आपण हाँगकाँगमध्ये पाहिलं तेच. भाव जितका स्थिर ठेवाल, तितकं उत्पादन आणि देशातल्या किमती जास्त हेलकावे खातात. आणि आयात महागाईच्या मागे धावू नका, असा त्यातला दुसरा धडा. तेल महागलं म्हणून व्याज वाढवलं तर तेल स्वस्त होत नाही, फक्त इथल्या लोकांचं काम जातं.

मग सिंगापूर चुकीचं करतंय का? नाही. मॉडेलचे असम्प्शन्स बघा. त्यात निर्यातदार स्वतःच्या चलनात किमती लावतो. खऱ्या जगात मोठा व्यापार डॉलरमध्येच बिल होतो. गीता गोपीनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम नेमकं यावर आहे: डॉलरमध्ये बिल असेल तर चलन पडल्यावर निर्यात लगेच वाढत नाही, आयात मात्र लगेच महाग होते. शिवाय मॉडेलमधला देश संकटात पैसे संपून बुडत नाही. खरे देश बुडतात.

आता श्रीलंका

सप्टेंबर २०२१ पासून श्रीलंकेने रुपया डॉलरला साधारण २०० वर धरून ठेवला. सिंगापूरनेही भाव सांभाळला, हाँगकाँगनेही, मग यात वाईट काय? वाईट हे की मागे काही नव्हतं. २०१९ च्या शेवटी मोठी करकपात झाली, कोविडने पर्यटन बंद पडलं, सरकारचा खर्च भागवायला सेंट्रल बँक नोटा छापत होती. परकीय गंगाजळी २०१९ अखेरच्या ७६० कोटी डॉलरवरून मार्च २०२२ पर्यंत १९० कोटींच्या आसपास आली, आणि त्यातलेही बरेच वापरता न येणारे. एका हाताने रुपये छापायचे आणि दुसऱ्या हाताने त्यांचा भाव धरून ठेवायचा, हे किती दिवस चालणार?

मार्चमध्ये हात सोडला. मेपर्यंत डॉलर ३६० च्या घरात. एप्रिलमध्ये सेंट्रल बँकेने एका फटक्यात व्याज ७ टक्क्यांनी वाढवलं. १२ एप्रिलला परकीय कर्जफेड थांबवल्याचं जाहीर झालं. सप्टेंबरमध्ये कोलंबोची महागाई ७० टक्क्यांच्या जवळ. पेट्रोलसाठी रांगा, गॅससाठी रांगा, औषधांचा तुटवडा. तुमच्या-माझ्या वयाच्या माणसाने पाच वर्षं साठवलेले पैसे काही महिन्यांत जवळजवळ निम्म्या किमतीचे झाले. त्याने काहीही चूक केली नव्हती.

२०२३ मध्ये श्रीलंकेने नवा कायदा केला. महागाईचं लक्ष्य, सध्या ५ टक्के, आणि सरकारला नोटा छापून पैसे पुरवायला सेंट्रल बँकेला मनाई. सलग दोन तिमाह्या लक्ष्य चुकलं तर संसदेला कारणं द्यायची. पुढे काय झालं माहितीये? सप्टेंबर २०२४ पासून महागाई शून्याच्या खाली गेली, म्हणजे महागाई फार कमी का, याचा खुलासा द्यायची वेळ आली. पण हेच नियमाचं काम आहे. चुकलात तर उत्तर द्या. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही २०२२ मध्ये सलग तीन तिमाह्या ६ टक्क्यांची मर्यादा ओलांडल्यावर सरकारला असं पत्र लिहिलं होतं.

मग निवडायचं कसं?

मला चार प्रश्न पुरेसे वाटतात.

एक, तुमचे भाव कुठून येतात? बहुतेक आयातीतून येत असतील तर विनिमय दर हे जास्त धारदार हत्यार आहे.

दोन, तुमचे धक्के कुठले? ज्या देशाशी भाव बांधताय त्याच्यासारखेच असतील तर बांधणं परवडतं. दूध, लोकर, चहा विकणाऱ्या देशाचे धक्के वेगळे असतात, त्याने चलन हलू द्यावं.

तीन, कर्ज कोणत्या चलनात आहे? देशाने डॉलरमध्ये उधारी केली असेल तर चलन पडणं हे औषध राहत नाही, कर्जाचा डोंगर होतो.

चार, वचन पाळायची ऐपत आहे का? सिंगापूरचा नियम चालतो, कारण मागे मोठी गंगाजळी आहे आणि सरकार सहसा शिलकीत असतं. तोच नियम कॉपी-पेस्ट करून तुटीतल्या देशात चालवला तर श्रीलंकेचं २०२२ होतं.

माझं मत विचाराल तर चौथा प्रश्न सगळ्यात आधी विचारा. त्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर भाव बांधायच्या भानगडीत पडू नका. चलन मोकळं ठेवा, महागाईचं लक्ष्य ठेवा आणि सरकारचा हात छापखान्यापासून लांब ठेवा. उत्तर ‘हो’ असेल तर पहिले तीन प्रश्न सोडवत बसायची चैन तुम्हाला परवडते. आणि कोणताही नियम घ्या, त्याला चलन ‘किती’ हललं एवढंच विचारू नका, ‘का’ हललं हेही विचारा. न्यूझीलंडने त्याची किंमत एका मंदीने मोजली.

पुढच्या वेळी बातमीत ‘अमक्या देशाने चलनाचा भाव स्थिर ठेवला’ असं ऐकलंत की लगेच टाळ्या वाजवू नका. तिथली गंगाजळी किती आणि सरकारची तूट किती, हे दोन आकडे आधी शोधा. दोन्ही मोबाइलवर पाच मिनिटांत सापडतात.

चला, आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात गंगाजळी म्हणजे नेमकं काय, ती कुठे ठेवतात आणि त्यात सोनं किती, यावर बोलू. प्रश्न असतील तर पाठवा, त्यातले काही पुढच्या भागात घेतो. भेटूया, काळजी घ्या.